कुंडीतून पातेल्यात: स्वादाची पानं घरी लावताना

मी मारलेलं पहिलं झाड रोझमेरीचं. ते दुर्लक्षाने नाही, लाडाने मेलं. शेजारच्या कुंडीत पुदिना होता, त्याला रोज पाणी लागायचं, म्हणून हिलाही रोज तांब्याभर. तीन आठवड्यांत पानं टोकाकडून तपकिरी व्हायला लागली. मला वाटलं, तहानली असेल. आणखी पाणी घातलं. शेवटी उपटून पाहिलं तर मुळं काळी, गिळगिळीत, आणि कुंडीला ओल्या फडक्यासारखा कुबट वास.

तेव्हापासून कुठलंही नवं रोप घरात आलं की मी आधी त्याचा देठ दोन बोटांत धरून हलकेच वाकवून बघते. देठ रसरशीत असेल, बोटाने दाबला तर चिरडेल असा असेल, तर तो एक गट: कोथिंबीर, पुदिना, बेसिल, पार्सली, शेपू, चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात). देठ काडीसारखा टणक, बुडाशी तपकिरी साल धरलेला असेल तर दुसरा: रोझमेरी, थाइम, सेज, ओरेगॅनो. पुढे मी पहिल्यांना ‘मऊ देठाची’ आणि दुसऱ्यांना ‘काडीची’ म्हणणार आहे. वनस्पतिशास्त्रात हे वर्गीकरण असं बसणार नाही. पुदिना, बेसिल, रोझमेरी आणि थाइम ही चारही एकाच कुळातली, तुळशीच्या. पण कुंडीत किती पाणी घालायचं, पान पातेल्यात कधी टाकायचं आणि उरलेलं कसं साठवायचं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देठ वाकवून मिळतात. नवख्याला एवढं पुरतं.

काडीची झाडं मूळची भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची. तिथे पाणी कमी आणि ऊन कडक, म्हणून पानं बारीक, जाड, चिवट आणि तेलाने भरलेली. मऊ देठाच्यांची पानं पातळ आणि पाणीदार. ती पटकन वाढतात, पटकन सुकतात आणि गरम पातेल्यात त्यांचा वासही पटकन उडून जातो.

आधी ऊन बघा, मग रोप आणा

बहुतेक जण उलटं करतात. रोप आवडलं म्हणून आणतात आणि मग त्याच्यासाठी कोपरा शोधतात. एक दिवस जागेवर लक्ष ठेवा आणि थेट ऊन किती तास पडतं ते मोजा. सहा तास किंवा जास्त असेल तर काहीही लावा. तीन-चार तास असेल तर पुदिना, कोथिंबीर, पार्सली आणि चाइव्ह्ज जमतील. बेसिल आणि काडीची झाडं तिथे जगतील, पण लांबुडकी होतील आणि वास कमी पडेल.

खिडकीच्या आतल्या बाजूला कुंडी ठेवणार असाल तर एक लक्षात घ्या. खिडकीपासून आत सरकू तसा उजेड फार झपाट्याने कमी होतो, आणि आपले डोळे जुळवून घेतात म्हणून तो आपल्याला जाणवत नाही. साधी परीक्षा अशी: भर दुपारी जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्यावर एक फूट उंचीवर हात धरा. बोटांची सावली कडा स्पष्ट दिसेल अशी पडली तर उजेड भरपूर आहे. सावली पुसट पडली तर मऊ देठाच्यांपैकी सावली सोसणारी तेवढी निभतील. सावलीच दिसली नाही तर तिथे शोभेचं काहीतरी ठेवा किंवा झाडांसाठीचा एलईडी दिवा लावा. दिवा शेंड्यापासून साधारण १५ ते ३० सेंमीवर आणि दिवसाला १२ ते १४ तास. रात्री मात्र अंधार हवा.

शेगडीच्या अगदी मागची खिडकी टाळा. वाफ, उष्णता आणि तेलाचा चिकट थर पानांना सोसत नाही. तरी कुंडी स्वयंपाकघरापासून फार लांबही नको. भाजी शिजत असताना चप्पल घालून गच्चीवर जायचं म्हटलं की आपण जात नाही. मग पानं खुडली जात नाहीत, आणि न खुडलेलं झाड कसं बिघडतं ते पुढे येईलच.

कुंडी आणि माती

कुंडीला बुडाशी भोक पाहिजे. सुंदर चिनी मातीचं भांडं बिनभोकाचं असेल तर भोकाच्या प्लास्टिक कुंडीत रोप लावून ती आत ठेवा आणि पाणी देताना बाहेर काढा.

बुडाशी खडे किंवा खापऱ्यांचा थर घालावा, म्हणजे पाणी चांगलं निचरतं, असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरं नाही. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, वरची माती चिंब झाल्यावरच ते खाली सुटतं. म्हणजे खड्यांच्या थराने ओला पट्टा नाहीसा होत नाही, उलट मुळांच्या जवळ वर सरकतो. पटत नसेल तर भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात भिजवा आणि आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी गळायला लागेल. उंची वाढली की निचरा वाढतो, म्हणून उथळ पसरट कुंडीपेक्षा खोल कुंडी बरी. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एकच खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती.

खोली १५ ते २० सेंमी बहुतेकांना पुरते. कोथिंबीर आणि पार्सलीचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, त्यांना २० ते २५ सेंमी द्या. काडीच्यांना मातीची कुंडी चांगली, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर जाते. मऊ देठाच्यांना प्लास्टिकची चालते.

बागेतली नुसती माती कुंडीत घालू नका. जमिनीत ती छान असते, कुंडीत चारदा पाणी पडलं की विटेसारखी बसते. मऊ देठाच्यांसाठी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं खत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे). काडीच्यांसाठी वाळू किंवा पर्लाइट अर्ध्यापर्यंत वाढवा आणि खत मूठभरच ठेवा. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. मिश्रण किंचित ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोट लावताच भुसभुशीत होऊन सुटला तर जमलं.

सुरुवात तीन कुंड्यांनी

उत्साहात बारा पाकिटं आणू नका. तीन पुरेत: पुदिना, बेसिल आणि काडीचं एक. त्या एकासाठी मी थाइम किंवा ओरेगॅनो सुचवेन, रोझमेरी दुसऱ्या वर्षी. ही तिन्ही एकमेकांपासून इतकी वेगळी वागतात की महिन्याभरात हात बसतो.

पुदिन्याला विकत रोप लागत नाही. भाजीसाठी आणलेल्या जुडीतल्या चार ताज्या, जाडसर काड्या निवडा. पेराच्या, म्हणजे जिथून पानांची जोडी निघते त्या गाठीच्या, जरा खाली कापा. खालची पानं काढा आणि काड्या पेल्यात पाण्यात उभ्या करा. पाण्यात एकही पान बुडू देऊ नका, सडतं. दर दोन दिवसांनी पाणी बदललं की आठ-दहा दिवसांत पेरातून पांढरी मुळं फुटतात. बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की कुंडीत लावा. पुदिन्याची कुंडी मात्र स्वतंत्र हवी. त्याची धावती खोडं मातीखालून सरकत जातात आणि शेजाऱ्याची जागा बळकावतात. मी एकदा लांब पेटीत पुदिना आणि थाइम शेजारी लावले होते. दोन महिन्यांनी थाइम शोधावा लागला.

बेसिल बियांपासून सोपं आहे. उबेत, २० ते २५ अंशांत, वरून माती जेमतेम भुरभुरली की आठवड्या-दीड आठवड्यात उगवतं. थंडी त्याला सोसत नाही. पारा १० अंशांखाली गेला की पानांवर काळे डाग येतात. दुकानातून भरगच्च बेसिलची कुंडी आणली असेल तर आधी नीट बघा, ते एक झाड नसतं. एवढ्याशा कुंडीत पंधरा-वीस रोपं गर्दीने वाढवलेली असतात, म्हणून ती दाट दिसते आणि म्हणूनच दोन आठवड्यांत माना टाकते. माती ओली करून गोळा बाहेर काढा, हाताने चार भाग करा आणि प्रत्येक भाग वेगळ्या कुंडीत लावा. दोन दिवस मलूल दिसतील, मग सावरतील.

काडीची झाडं बियांपासून करायच्या भानगडीत पडू नका. रोझमेरीचं बी फार कमी आणि फार सावकाश रुजतं. रोप आणा किंवा कुणाच्या झाडाची बोटभर कोवळी फांदी मागून घ्या. फांदी ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये खोचून ठेवा, मुळं धरायला महिना-दीड महिना लागतो. टॅरागॉन, म्हणजे बडीशेपेच्या वासाचं लांबट पान, बियांनी मिळालं तर समजा की ते रशियन आहे. चवीला ज्याचं नाव होतं ते फ्रेंच टॅरागॉन पेरण्याजोगं बी धरतच नाही, त्याचं रोपच लागतं.

एक खबरदारी. रोप शोभेच्या झाडांच्या विक्रीतून आणलं असेल तर त्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. विकणाऱ्याला विचारा. खात्री नसेल तर आधीची पानं काढून टाका आणि नवी फूट आल्यावरच खायला सुरुवात करा.

कोथिंबीर, जी सोपी समजली जाते

कोथिंबीर दुसऱ्या टप्प्यात घ्या, पण घ्याच. आपण ज्याला धणा म्हणतो ते एक बी नाही. ते फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. म्हणून धणे कागदावर पसरून वरून लाटणं हलकेच फिरवायचं. दोन फाका व्हाव्यात, भरड नको. रात्रभर पाण्यात भिजवून एक सेंमी खोल पेरा. कोंब यायला एक ते दोन आठवडे, थंडीत तीनही लागतात. पहिल्या आठवड्यात काही दिसलं नाही म्हणून माती उकरू नका.

पेरायची ती थेट शेवटच्या कुंडीत. मुळाला धक्का लागला की कोथिंबीर घाबरते आणि पानं सोडून तुऱ्यावर येते. उकाडा वाढला, माती वारंवार कोरडी पडली तरी तेच. मधून एक उंच दांडा निघाला आणि त्यावर शेपूसारखी बारीक चिरलेली पानं आली की समजा, हिचं पानांचं काम संपत आलं. दांडा कापून ती परत मागे येत नाही. उपाय एकच: एका वेळी सगळं न पेरता दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं पेरत राहायचं. चाळीसेक दिवसांत पहिली पानं मिळतात, म्हणजे तीन कुंड्यांचा फेरा धरला तर एक कायम खायला येते.

(काही जणांना कोथिंबीर साबणासारखी लागते. ते नखरे नसतात. तिच्या वासातली अल्डिहाइड नावाची रसायनं ओळखणाऱ्या एका जनुकातल्या फरकाशी त्याचा संबंध दिसला आहे. अशा पाहुण्याला पार्सली वाढा.)

पार्सलीसाठी धीर ठेवावा लागतो. बी रात्रभर भिजवूनही तीन-चार आठवडे ढिम्म. पण एकदा लागली की वर्षभर पानं देते, फुलते ती दुसऱ्या वर्षी. चाइव्ह्जचा तयार गड्डा आणून लावला की दर दोन-तीन वर्षांनी तो फोडून दोन करायचा, बाकी काही नाही. गवती चहाची बुडखासकट ताजी काडी मिळाली तर पेल्यातल्या पाण्यात दोन-तीन आठवड्यांत मुळं धरते. त्याला मोठी कुंडी, भरपूर ऊन आणि भरपूर पाणी हवं.

पाणी: वाफसा बघून

‘दिवसाआड पाणी’ असं वेळापत्रक मी देणार नाही. हवा, कुंडी आणि झाडाचं वय यावर ते ठरतं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो बघा: माती ओलसर पण हाताला न चिकटणारी, आत हवा खेळणारी. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. मऊ देठाच्यांच्या कुंडीत वरचं एक पेर कोरडं लागलं की पाणी द्या. काडीच्यांना बोट पूर्ण कोरडं निघालं की द्या आणि शंका असेल तर उद्यावर ढकला. काही दिवसांनी बोटही लागत नाही. कुंडी उचलली की वजनावरून कळतं.

द्याल तेव्हा बुडातून निघेपर्यंत द्या, सकाळी द्या, आणि अर्ध्या तासाने खालच्या बशीत साठलेलं पाणी ओतून टाका. रोज घोटभर शिंपडलं तर वरचीच माती ओली राहते आणि मुळं वरवर रेंगाळतात.

रोपाने मान टाकली तर लगेच तांब्या उचलू नका. आधी मातीत बोट घाला. कोरडी असेल तर तहान, पाणी द्या, तासाभरात ताठ होईल. ओली असूनही रोप मलूल असेल तर मुळं सडताहेत, पाणी वर चढतच नाहीये. तेव्हा रोप काढा, काळी मुळं कापा, कोरड्या नव्या मिश्रणात लावा आणि दोन-चार दिवस सावलीत ठेवा. मऊ देठाचं असेल तर शेंडे कापून पाण्यात टाका, निदान वाण वाचेल. माझ्या रोझमेरीच्या वेळी हे एवढं माहीत असतं तर निदान एखादी फांदी हाती लागली असती.

कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडायला लागली तर तीही जास्त ओलीचीच खूण. वरची माती नीट वाळू दिली की कमी होतात. कोवळ्या शेंड्यांवर हिरवा-काळा मावा बसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण कालवून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा आणि तासा-दोन तासांनी स्वच्छ पाण्याने धुऊन टाका. खायच्या पानांवर याहून जहाल काही नको.

खताचा हात आखडता ठेवा. मऊ देठाच्यांना महिन्याला मूठभर गांडूळखत. काडीच्यांना वर्षातून एकदा. नत्र भरपूर मिळालं की पानं मोठी, गडद, देखणी होतात आणि चवीला पाणचट लागतात.

खुडणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्याही झाडाची काळजी म्हणून. लोक खालचं मोठं पान तोडतात, कारण शेंडा कोवळा आहे, त्याला वाढू द्यावं असं वाटतं. नेमकं उलटं हवं. खालची मोठी पानं झाडाचं अन्न तयार करतात. तोडायचा तो शेंडा.

बेसिलचं वीतभर उंच रोप समोर घ्या. खोडावर पानांच्या जोड्या एकावर एक दिसतील. वरून दुसरी किंवा तिसरी जोडी बघा. पान आणि खोड यांच्या बेचक्यात दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढी नवी पानं दुमडून बसलेली दिसतील. त्या बेचक्याच्या अर्धा सेंमी वर कात्री लावा. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक या कळ्यांना दाबून ठेवत असतं. शेंडा गेला की दोन्ही जाग्या होतात. दोन-तीन आठवड्यांत एका खोडाच्या दोन फांद्या. त्या कापल्या की चार, मग आठ. कापलेला शेंडा पातेल्यात टाका, नाहीतर पाण्यात. त्यालाही आठ-दहा दिवसांत मुळं फुटतील.

एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशाहून जास्त घेऊ नका. बेसिलला फुलांचा तुरा दिसला की लगेच चिमटा, नाहीतर पानं लहान आणि कडवट होतात. पुदिना लांबुडका, खालून उघडा झाला की न घाबरता मातीपासून चार-पाच सेंमीवर सगळा छाटा, तो पुन्हा दाट येतो. कोथिंबीर, पार्सलीची नवी पानं मध्यातून येतात, म्हणून बाहेरचे देठ बुडातून कापा. चाइव्ह्ज मातीच्या वर दोन-तीन सेंमी ठेवून कात्रीने छाटा. रोझमेरी, थाइम आणि सेजचा हिरवा भागच कापा. जुन्या तपकिरी लाकडात कात्री गेली तर तिथून बहुधा पुन्हा फूट येत नाही.

वेळ सकाळची, दव वाळल्यावर आणि ऊन चढण्याआधी. साठवणीसाठी काडीची पानं घ्यायची असतील तर कळ्या धरल्यावर, पण उमलण्याआधी. तेव्हा त्यांच्यात तेल सर्वात जास्त असतं.

पातेल्यात कधी

धुताना पानं मोठ्या भांड्यात भरपूर पाण्यात हलवा आणि हाताने वर उचलून घ्या. पानांसकट पाणी चाळणीत ओतलंत तर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवर. मग फडक्यात पूर्ण कोरडी करा. ओलं पान सुरीखाली चिरलं न जाता चिरडतं, अर्धा वास पाटालाच लागतो. सुरीला धार हवीच. बोथट सुरीने बेसिल कापलं की कडा दहा मिनिटांत काळ्या पडतात.

पुदिना, बेसिल, थाइमच्या पानावर बोट फिरवा. सूक्ष्म ग्रंथींमध्ये भरलेलं तेल फुटतं आणि वास येतो. हे तेल पाण्यात फारसं उतरत नाही, स्निग्ध पदार्थात छान उतरतं. म्हणून काडीची पानं सुरुवातीला, मंद आचेवरच्या तेलात किंवा लोण्यात. बटाटे परतायच्या आधी रोझमेरीची एक काडी अर्धा मिनिट तेलात परता आणि काढून ठेवा, बटाटे त्याच तेलात शिजवा. प्रत्येक घासात वास येईल आणि दातात सुया अडकणार नाहीत. लोण्यात सेजची अख्खी पानं फेस बसेपर्यंत तळली की कुरकुरीत होतात, उकडलेल्या भोपळ्यावर किंवा अंड्यावर टाका. थाइमची जुडी दोऱ्याने बांधून सूपमध्ये सुरुवातीलाच सोडा, शेवटी दोरा धरून बाहेर.

मऊ देठाची गॅस बंद केल्यावर. कोथिंबीर, चाइव्ह्ज, बेसिल दहा मिनिटं उकळली की हिरवा रंगही जातो आणि ज्यासाठी घातली तो वासही. अपवाद दोन. कोथिंबिरीचे देठ आणि मूळ चवीला पानांहून दमदार असतात आणि उष्णता सोसतात. बारीक चिरून सुरुवातीला परता, पानं शेवटी. आणि गवती चहा. मऊही नाही, काडीचाही नाही. तो ठेचून उकळायचाच असतो.

हिरव्या सॉसची एक रीत. दोन वाट्या पानं (पार्सली, बेसिल, कोथिंबीर, थोडा पुदिना, जी कुंडी फोफावली असेल ती), पाव वाटी तेल, एक लसूण पाकळी, मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड आणि मीठ. बेसिल जास्त असेल तर ते आधी उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका आणि घट्ट पिळा. काळं पाडणारं विकर (एन्झाइम) त्या दहा सेकंदांत निकामी होतं. सगळं थांबून थांबून वाटा, मिक्सर तापू देऊ नका. लिंबू त्यात नको, वाढताना पिळा. आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि तासाभरात हिरवा सॉस शेवाळी तपकिरी होतो. उकडलेले बटाटे, अंडी, भाजलेल्या भाज्या, दही, सगळ्यांवर चालतो. फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

उरलं तर

इथेही तो देठ. काडीची पानं वाळवून चांगली राहतात. ओरेगॅनो तर मला ताज्यापेक्षा वाळलेलाच आवडतो. लहान जुड्या बांधून सावलीत, हवेशीर जागी उलट्या टांगा. आठवड्या-दोन आठवड्यांत पान चुरचुरलं की अख्खंच बरणीत भरा, चुरायचं ते वापरताना. वाळलेलं एक चमचा म्हणजे ताजं तीन चमचे, हा साधारण हिशोब.

मऊ देठाची वाळवली की गवत होतात. पुदिना आणि शेपू थोडेफार तगतात, कोथिंबीर अजिबात नाही. ती चिरून बर्फाच्या साच्यात, वर तेल किंवा पाणी, आणि फ्रीझरमध्ये. ताजी ठेवायची तर पेल्यात पाणी घालून देठ बुडवा, वरून पिशवी सैल झाका आणि फ्रिजमध्ये. बेसिल याला अपवाद, त्याला फ्रिजची थंडी बाधते. पेला ओट्यावरच राहू द्या.

लसूण आणि ताजी पानं तेलात बुडवून बाटली ओट्यावर सजवायची, हे मात्र करू नका. तेलाखाली हवा नसते आणि मातीतून आलेल्या बॉट्युलिझमच्या, म्हणजे एका जीवघेण्या विषबाधेच्या, जिवाणूंना तेच हवं असतं. त्यांचं विष वासाने किंवा रंगाने कळत नाही. असं तेल थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत वापरा. वाढीव असेल तर फ्रीझर.

तुऱ्यावर आलेली कोथिंबीर उपटून फेकू नका. पांढऱ्या फुलांनंतर हिरवे धणे येतात. ते ठेचून दह्यात किंवा गरम भातावर घाला, पान आणि धणे यांच्या मधली लिंबाच्या अंगाची चव असते आणि सहसा विकत मिळत नाही. थोडे झाडावरच तपकिरी होऊ द्या, दांडा कापून कागदी पिशवीत उलटा टांगा आणि झटका. त्यातले दोन चमचे मी मसाल्याच्या डब्यात जाऊ देत नाही. पाकिटावर तारीख घालून ठेवते, पुढच्या कुंडीसाठी.